बॉनव्हिल की एल मिराज?

ही दोन्ही अमेरिकेतली सरळ रेषेत वेगाचे विक्रम करायची मैदानं. जुन्या फ्लॅटहेड (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असलेलं इंजिन) फोर्ड रोडस्टरसाठी, म्हणजे उघड्या दोन-आसनी गाडीसाठी, दोन्हींची मागणी वेगळी. कॅलिफोर्नियातल्या एल मिराज या कोरड्या तळ्याच्या मातीवर धाव जेमतेम 1.3 मैलांची, गिअरिंग लवकर वेग पकडणारं हवं, आणि एअर फिल्टर हवाच, धूळ सिलिंडर खाते.

युटातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर 1949 पासून स्पीड वीक हा वेगाच्या धावांचा मेळावा भरतो. लांब ट्रॅकवर वेग सावकाश पकडणारं पण कमाल वेग जास्त देणारं उंच गिअरिंग चालतं, पण 4,200 फुटांवर हवा विरळ: कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारी छिद्रं) लहान करा, नाहीतर मिश्रणात पेट्रोल जास्त होऊन ताकद घटते. ओलसर मिठावर मागची चाकं जागीच फिरतात, म्हणून मागच्या अ‍ॅक्सलवर शिशाचं वजन ठेवा, थ्रॉटल हळूहळू उघडा. धाव संपताच चेसिस खालून धुवा, मीठ गंज चढवतं. विक्रमासाठी इथे दोन धावांची सरासरी लागते. मिराजला एकच पुरते. टिकाऊ इंजिनाची खरी कसोटी बॉनव्हिललाच.