घरी इंजिन उतरवण्यासाठी भाड्याचा चेन ब्लॉक आणि ट्रायपॉड: सांगलीतील एका दुकानाची सेवा

मोटारीचे इंजिन घरच्या अंगणात उतरवायचे असेल तर पाने विकत घ्यावेत आणि वजन उचलण्याचे साहित्य मात्र भाड्याने आणावे, या मतावर मी आलो आहे, आणि त्याचे बरेचसे श्रेय कुपवाड एमआयडीसीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका दुकानाला आहे. सेंटरिंगच्या प्लेटा, काँक्रीट मिक्सर, ब्रेकर असे बांधकामाचे साहित्य भाड्याने देणारे हे दुकान आहे. हाताने साखळी ओढून वजन उचलणारा एक टनी चेन ब्लॉक, तो टांगायचा तीन पायांचा लोखंडी ट्रायपॉड, उचलण्याचे बेल्ट आणि ते हुकाला जोडणारी शॅकल नावाची कडी हेही तेथे मिळते, याची कल्पना घरी गाडी खोलणाऱ्या बऱ्याच जणांना नसते.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी. आपल्या सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालयही त्यांच्याच नावाचे आहे, त्यामुळे या गाडीबद्दल इथल्या जुन्या माणसांना जरा अधिक आपुलकी वाटते, आणि मलाही वाटते. सायलेन्सरमधून निळसर धूर येत होता, कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरले होते आणि बोअरिंग, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून सारखे करणे, केल्यावाचून गत्यंतर नव्हते. बोअरिंगचे काम यंत्रशाळेतच व्हायचे. परंतु इंजिन उतरवणे, खोलणे आणि स्वच्छ करून तेथे पोहोचवणे हे घरी करता येते, आणि तसे केले की कोणता नट कोठून निघाला, कोणती वॉशर कोणत्या बोल्टखाली होती, हे मालकाच्या डोळ्यांखालून जाते.

पान्यांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. अर्धा इंची ड्राइव्हचा गोटी पान्यांचा संच, रिंग पान्यांचा संच, एक लांब दांडा, पक्कड, दोन आकारांचे स्क्रू ड्रायव्हर आणि हातोडा एवढ्यावर काम होते. दहा, तेरा आणि सतराचे पाने सर्वाधिक वापरले जातात. मी नाशिकला कारखाना असलेल्या टपारियाचा संच वापरला आणि त्याबद्दल पूर्ण समाधानी आहे. सायलेन्सरचा बेंड जेथे मॅनिफोल्डला जोडला जातो तेथील नट उष्णतेने आणि गंजाने धरलेले असतात, म्हणून त्यांवर आदल्या रात्रीच गंज सुटण्याचे तेल मारून ठेवावे आणि बारा कोनी नव्हे तर सहा कोनी गोटी वापरावी, कारण बारा कोनी गोटी नटाच्या केवळ कोपऱ्यांवर जोर देते आणि झिजलेला नट गोल करून टाकते. पाने पुढे आयुष्यभर उपयोगी पडतात, त्यामुळे ते विकत घेणे परवडते. चेन ब्लॉकची गोष्ट तशी नाही. वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहिलेला चेन ब्लॉक कोणीही न तपासता पुन्हा वापरायला काढतो आणि त्याच्याच खाली हात घालतो.

या दुकानाची खरी योग्यता साहित्य देण्याआधी विचारलेल्या प्रश्नांत दिसली. अनामत रक्कम घेऊन वस्तू हाती देणे एवढेच त्यांनी केले असते तरी मला तक्रार नव्हती. पण काउंटरवरच्या मुलाने आधी विचारले, ‘‘काका, टांगणार कशाला?’’ पोर्चच्या स्लॅबला झोपाळ्याची कडी आहे, तिला टांगावे असा माझा प्रथम विचार होता. त्याने तो तेथल्या तेथे मोडून काढला. झोपाळ्याची कडी किती वजनासाठी आणि कशी बसवली आहे हे घरात कोणालाच सांगता येत नाही, ती सळईत अडकवली आहे की नुसत्या काँक्रीटमध्ये रोवली आहे हे वरून दिसत नाही, आणि साखळी ओढताना बसणारे हिसके झोपाळ्याच्या झोक्यापेक्षा निराळे असतात. आपल्याकडे चिंचेच्या नाहीतर कडुलिंबाच्या फांदीला साखळी बांधून इंजिन उचलण्याचीही रीत आहे. फांदी आतून पोकळ किंवा किडलेली असली तरी बाहेरून धडधाकट दिसते, आणि वजन आल्यावर ती वाकली की इंजिन उभे न राहता तिरपे ओढले जाते. ट्रायपॉड घ्या, असे त्याने स्पष्ट सांगितले. भाडे वाढवण्यासाठी हा आग्रह असावा अशी शंका मनात आली होती, पण प्रत्यक्ष काम करताना ती राहिली नाही.

चेन ब्लॉक हे अतिशय विचारपूर्वक घडवलेले यंत्र आहे. हातसाखळी ओढली की दातेरी चाकांच्या जोडणीतून वजनाची साखळी हळूहळू वर येते, आणि हात सोडला तरी वजन जागच्या जागी थांबते, कारण लोंबणारे वजनच आतल्या ब्रेकच्या चकत्या एकमेकींवर दाबून धरते. वजन जितके अधिक तितकी ही पकड घट्ट. वर उचलताना खटखट असा जो आवाज येतो तो रॅचेटच्या दात्यांवरून सरकणाऱ्या खिटीचा. तो आवाज येत नसेल तर ब्लॉक घेऊच नये. खाली सोडताना मात्र तो शांत असतो, त्यात काळजीचे काही नाही. दुकानातच त्यांनी मिक्सरचा एक जड भाग थोडा उचलून तसाच लोंबत ठेवला, साखळीवर खडूने खूण केली आणि ती हलली नाही हे दाखवूनच ब्लॉक माझ्या ताब्यात दिला. हूकचे तोंड फाकलेले नाही, हूकवरची सुरक्षेची पट्टी स्प्रिंगने आपोआप मिटते आणि साखळीची कोणतीही कडी झिजलेली किंवा पिळलेली नाही, हे ग्राहकानेही स्वतः पाहून घ्यावे.

सांगलीकरांनी आणखी एक प्रश्न अवश्य विचारावा: हे साहित्य पुरात बुडाले होते का? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी, ४५ फूट ही धोक्याची खूण असताना, ५७ फुटांच्या वर गेली होती आणि गावातली कितीतरी गोदामे पाण्याखाली होती. गाळाच्या पाण्यातून निघालेली साखळी बाहेरून घासून, तेल लावून चकचकीत करता येते, पण ब्रेकच्या चकत्यांमध्ये शिरलेला गाळ आणि गंज ब्लॉक उघडल्याशिवाय कळत नाही. या दुकानदारांनी प्रश्नाचा राग न मानता, पुरानंतर घेतलेला ब्लॉक कोणता ते दाखवून तोच दिला.

ट्रायपॉडचे तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधलेले होते. वजन आल्यावर पाय बाहेर पसरू नयेत म्हणून ही साखळी हवीच. तिच्याविना ट्रायपॉड कोणी देत असेल तर तो परत करावा. एक पाय बंपरच्या पुढे आणि दोन पाय गाडीच्या दोन्ही बाजूंना, अशी मांडणी करावी लागते. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत, विशेषतः पावसानंतर, अशा पायाचे टोक वजनाखाली सरळ आत रुतते, आणि पेव्हर ब्लॉक असतील तर एखादा ब्लॉकच खचतो; म्हणून प्रत्येक पायाखाली जाड फळी द्यावी. फळ्यांची सूचनाही दुकानातूनच मिळाली.

बॅटरीची अर्थची वायर सर्वांत आधी काढली, पेट्रोलची नळी सोडवून तिचे तोंड बंद केले, रेडिएटरमधले पाणी आणि इंजिनातले ऑइल काढले, मग बॉनेट आणि रेडिएटर उतरवले. गिअरबॉक्स गाडीतच ठेवायचा होता. येथे ट्रायपॉडची मर्यादा लक्षात येते. ब्लॉक सरळ वर उचलतो, पुढे-मागे सरकत नाही. आणि इंजिन तर आधी पुढे ओढून गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लच प्लेटमधून पूर्ण बाहेर आणल्यावरच उचलायचे असते, नाहीतर सारा भार त्या शाफ्टवर येतो. यावर उपाय म्हणजे इंजिन चेन ब्लॉकवर तोलून धरायचे आणि गाडीच बोटभर, बोटभर मागे ढकलायची. मग गिअरबॉक्सला जमिनीवरच्या जॅकचा आधार देऊन भागत नाही, कारण गाडी सरकते आणि जॅक जागेवर राहतो. गिअरबॉक्सचे पुढचे तोंड आडव्या लाकडी दांड्याला बेल्टने बांधून गाडीच्याच अंगावर पेलावे लागते. त्यासाठी लागणारा जादा बेल्ट दुकानाने वेगळे भाडे न घेता दिला, याचा आवर्जून उल्लेख करतो. मागच्या चाकांपाशी दगड घेऊन एक माणूस सतत उभा हवा, आणि लोंबणाऱ्या इंजिनाखाली पाय, हात किंवा डोके क्षणभरही जाता कामा नये.

उणिवाही आहेत, आणि त्यांतली एक गंभीर आहे. पहिल्यांदा मिळालेल्या बेल्टवर क्षमतेची पट्टीच नव्हती. बेल्टच्या रंगावरून क्षमता कळते, जांभळा एक टनाचा आणि हिरवा दोन टनांचा. पण रंग विटलेला आणि पट्टी फाटलेली असेल तर तो बेल्ट किती पेलेल हे कोणालाच ठाऊक नसते. मागितल्यावर त्यांनी लगेच दुसरा दिला, तरी मुळात असा बेल्ट रॅकवर असू नये. बेल्ट कोणत्या कोनात लावावा हेही कोणी सांगितले नाही. बेल्टच्या दोन टोकांमधला कोन ६० अंशांचा असेल तर प्रत्येक बाजूवर वजनाच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो आणि तोच कोन १२० अंशांचा झाला तर प्रत्येक बाजूला पूर्ण वजनाइतका ताण सोसावा लागतो. आखूड बेल्ट ताणून लावण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे, म्हणून दुकानाने याचा एक साधा तक्ता भिंतीवर लावावा असे मी त्यांना सुचवले आहे. पावतीवर साहित्याच्या स्थितीची नोंद होत नाही. संध्याकाळी उशिरा नेले तरी तो दिवस भाड्यात पूर्ण धरला जातो आणि रविवारी दुकान बंद असते, म्हणजे नोकरदार माणसाला शनिवारी सकाळीच साहित्य उचलावे लागते. पोहोचवण्याची सोय नाही. ट्रायपॉडचे पाय रिक्षात मावत नाहीत, तेव्हा छोट्या टेम्पोचा खर्च धरूनच हिशेब करावा.

चाकांवरची घडीची इंजिन क्रेन घ्यावी का, असे मला दोघा-तिघांनी विचारले. गुळगुळीत काँक्रीटची जागा असेल तर क्रेन निश्चितच सोयीची, कारण गाडी न हलवता इंजिन बाहेर घेता येते. मात्र दोन टनी म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रेनची क्षमता तिचा हात पूर्ण लांब केल्यावर साधारण अर्ध्या टनावर येते, आणि खडबडीत अंगणात तिची लहान चाके अडकतात. पद्मिनीसारख्या गाडीला आणि आपल्याकडच्या अंगणाला ट्रायपॉडच योग्य. जुन्या जीपचे डिझेल इंजिन गिअरबॉक्ससह काढायचे असेल तर याच दुकानात दोन टनी ब्लॉक आणि उंच ट्रायपॉड मिळतो, पण तो आदल्या दिवशी सांगून ठेवावा लागतो. परत करताना साखळीवरचे ऑइल आणि माती पुसून द्यावी. मी तशी दिली आणि अनामत रक्कम काहीही न कापता त्याच वेळी हातात मिळाली.