कोल्हापुरातील एका ट्रायथलॉन प्रशिक्षण वर्गाचा दीड वर्षाचा अनुभव

गेल्या महिन्यात मी माझ्या ट्रायथलॉन (पोहणे, सायकल आणि धावणे अशी सलग शर्यत) प्रशिक्षकांना समोर बसून सांगितले की माझ्या सरावाचे नियोजन यापुढे मी दुसरीकडून करून घेणार आहे. हा निर्णय घ्यायला मला जवळजवळ तीन महिने लागले. वर्गात नव्याने येऊ इच्छिणाऱ्या दोन-तीन मैत्रिणींनी अलीकडे मला “वर्ग कसा आहे” असे विचारले, तेव्हा एका वाक्यात उत्तर देता येईना, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. वर्गाचे आणि सरांचे नाव मी देत नाही. जे सांगायचे होते ते मी त्यांना सांगितले आहे.

माझे वय त्रेचाळीस असून शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी लेखा विभाग सांभाळते. माझे लक्ष्य गोव्याची आयर्नमॅन ७०.३ शर्यत हे आहे. समुद्रात १.९ किलोमीटर पोहणे, त्यानंतर ९० किलोमीटर सायकल आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावणे, हे सगळे साडेआठ तासांच्या आत पूर्ण करायचे असते. २०१९ साली ही शर्यत मिरामारच्या किनाऱ्यावर सुरू झाली आणि चार-पाच तासांच्या अंतरावर असल्यामुळे कोल्हापूरकरांसाठी ती जणू घरच्या अंगणातली झाली. वर्गाची फी दरमहा साडेचार हजार रुपये आहे. त्यात आठवड्यातून दोन दिवस तलावावर पोहण्याचे प्रशिक्षण, रविवारी सर्वांची एकत्र सायकल फेरी आणि दर शनिवारी रात्री फोनवर येणारे पुढील आठवड्याचे वेळापत्रक, एवढे मिळते.

पोहण्याच्या प्रशिक्षणाबद्दल मी मनापासून आणि कोणतीही अट न घालता चांगले बोलू शकते. मी लहानपणी पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेली, म्हणजे बुडणार नाही एवढे येत होते, पण मान वर काढून, पाय आपटत. सर पहिल्या दिवशी पाण्यात उतरलेच नाहीत. ते तलावाच्या कडेने माझ्याबरोबर चालत राहिले, पन्नास मीटरचे चार फेरे त्यांनी नुसते पाहिले आणि मग कडेला बसून एकच गोष्ट सांगितली की माझा डावा हात पाण्यात शिरताना डोक्यासमोरून उजवीकडे ओलांडून जातो, त्यामुळे कंबर वळते, पाय फाकतात आणि पुढे जाण्याची निम्मी ताकद तोल सावरण्यातच खर्च होते. पुढचे तीन आठवडे त्यांनी मला मुठी बंद करून पोहायला लावले. मूठ बंद असली की तळव्याने पाणी ढकलता येत नाही, मग कोपरापासूनचा सगळा हात कामाला लावावा लागतो. हे मला पुस्तक वाचून कधीच कळले नसते. दर सहा आठवड्यांनी ते ४०० मीटर आणि २०० मीटरची चाचणी घेत आणि दोन्हींच्या वेळेतील फरक निम्मा करून शंभर मीटरचा टिकाऊ वेग, म्हणजे बराच वेळ राखता येणारा वेग, काढत. सुरुवातीला माझ्या वेळा ११ मिनिटे ४० सेकंद आणि ५ मिनिटे ३० सेकंद होत्या, म्हणजे शंभर मीटरला ३ मिनिटे ५ सेकंद. सात महिन्यांनी त्या ९ मिनिटे २० सेकंद आणि ४ मिनिटे २० सेकंद झाल्या, म्हणजे शंभर मीटरला अडीच मिनिटे. शर्यतीत पोहण्यासाठी ७० मिनिटे मिळतात. जुन्या वेगाने मला ५८ मिनिटांहून अधिक वेळ लागला असता, तोही तलावाच्या स्थिर पाण्यात आणि सरळ रेषेत. समुद्रात लाटा असतात, दिशा चुकते, गर्दीत कुणाची लाथ लागते. तिथे ती शिल्लक राहिलेली अकरा मिनिटे कधी संपली असती हे कळलेही नसते. आज माझ्याकडे बावीस मिनिटांची शिल्लक आहे आणि ती सरांनी मिळवून दिलेली आहे.

अडचण शनिवारी रात्री येणाऱ्या वेळापत्रकाची होती. पहिले काही महिने मी ते डोळे झाकून पाळले. गेल्या नोव्हेंबरमधील एका आठवड्यात मंगळवारी ८०० मीटरचे सहा तुकडे किलोमीटरला ४ मिनिटे ५० सेकंदांच्या वेगाने धावायला सांगितले होते. माझा दहा किलोमीटरचा वेग किलोमीटरला साडेसहा मिनिटे आहे. मी गोंधळून पुन्हा वरपासून वाचले, तेव्हा कोपऱ्यात वर्गातल्याच एका चोवीस वर्षांच्या मुलाचे नाव तसेच राहिलेले दिसले. चूक कुणाकडूनही होते, त्यामुळे मी ती मनावर घेतली नाही. मात्र त्या दिवसापासून मी इतरांची वेळापत्रके विचारून पाहू लागले आणि लक्षात आले की पोहणे सोडल्यास आम्हा दहा-बारा जणांचे आठवडे जवळजवळ सारखे होते, फक्त आकडे थोडे बदललेले.

रविवारच्या सायकल फेरीबद्दलही लिहायला हवे, कारण वर्गात तिचेच सर्वाधिक आकर्षण आहे. पहाटे साडेपाचला सगळे सायबर चौकात जमतात आणि महामार्गाने कागल, निपाणी करत तवंदी घाटाच्या पायथ्यापर्यंत जाऊन परत येतात. एकटीने कधीच गेले नसते इतके अंतर मी या मंडळींमुळे गेले, आणि महामार्गावर बाईमाणसाला गटात वाटणारी सुरक्षितता ही काही लहान गोष्ट नाही. परंतु संपूर्ण फेरी एकमेकांच्या चाकामागे लागून होते. पुढच्याच्या आडोशाला वारा लागत नाही आणि बरीच ताकद वाचते. आमच्या शर्यतीत हे करायला मनाई आहे. दोन सायकलस्वारांत १२ मीटर अंतर राखावे लागते आणि न राखल्यास वेळेचा दंड होतो. दीड वर्षात मी ९० किलोमीटर अनेकदा गेले, पण समोरचा वारा स्वतः झेलत सलग दोन तास एकाच जोराने पेडल मारण्याचा सराव मला एकदाही मिळाला नाही. मी हे दोनदा विचारले. दोन्ही वेळा “शर्यतीच्या आधी करून घेऊ” असे उत्तर आले.

खरा प्रश्न जानेवारीत उभा राहिला. डाव्या पायाच्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या चार बोटे वर, धावताना दुखू लागले. वेळापत्रकात रोजच्या रकान्याशेजारी शेरा लिहायला जागा असते. तिथे मी सलग तीन आठवडे लिहीत गेले. पहिल्या आठवड्यात “शेवटच्या दोन किलोमीटरला दुखते”, दुसऱ्यात “सुरुवातीपासून दुखते”, तिसऱ्यात “रात्री झोपेतही ठणकते”. तिन्ही वेळा सरांकडून फोनवर फक्त वर केलेल्या अंगठ्याची खूण आली आणि पुढच्या शनिवारी धावण्याचे अंतर दहा टक्क्यांनी वाढलेले होते. शेवटी मी स्वतःच हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. एमआरआय झाले. हाडावर ताण येऊन आतून सूज आलेली होती आणि तशीच धावत राहिले असते तर तडा गेला असता, असे त्यांनी सांगितले. सहा आठवडे धावणे पूर्ण बंद करावे लागले.

त्या सहा आठवड्यांत प्रशिक्षक बदलण्याचा विचार पहिल्यांदा मनात आला आणि त्याबरोबर अपराधीपणाही आला. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. माझे वडील तरुणपणी गंगावेस तालमीत मेहनत करत. वस्ताद हा घरातल्या वडीलधाऱ्याइतकाच मानाचा आणि तालीम बदलणे म्हणजे पाठ फिरवणे, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. म्हणून मी प्रथम त्यांनाच विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, “तू धावतीस तेव्हा ते बघाय असतात का?” मी नाही म्हटले. त्यांचे वस्ताद रोज पहाटे आखाड्यातल्या हौद्याच्या कडेला बसत आणि कोणाचा श्वास कधी फुलतो, कोण आज ओठ आवळून मेहनत करतो आहे, हे पाहून त्याला थांबवत किंवा आणखी एका जोडीदाराशी लढायला लावत. “बदल की,” ते म्हणाले, “पण समोर बसून सांग. मागनं दुसऱ्याकडनं कळायला नको.”

वडिलांच्या त्या प्रश्नाने मला मोजमाप मिळाले. एका रविवारी मी मागच्या चोवीस आठवड्यांची वेळापत्रके काढली आणि प्रत्येक आठवड्यासमोर एवढेच तपासले की मी लिहिलेल्या शेऱ्यामुळे पुढच्या आठवड्यात काही बदलले का. ऑक्टोबरअखेर ताळेबंदाच्या धावपळीत मी चार दिवस सराव केला नव्हता, डिसेंबरात ताप आला होता, जानेवारीत नडगी होती. चोवीसपैकी दोनच आठवड्यांत बदल दिसला आणि ते दोन्ही बदल पोहण्याचे होते. याचा अर्थ मला असा लागला की सर जे डोळ्यांनी पाहतात ते उत्तम सुधारतात. जे त्यांना वाचावे लागते, ते वाचायला त्यांच्याकडे वेळ उरलेला नाही. मी वर्गात आले तेव्हा आम्ही बारा जण होतो, आता सेहेचाळीस आहोत.

माझ्या बाजूनेही काही कमी पडले, ते सांगितलेच पाहिजे. नडगी दुखते हे मी रकान्यात लिहिले, पण मंगळवारी आणि गुरुवारी तलावावर सर समोर असताना तोंडाने बोलले नाही. तक्रार करणारी बाई असे दिसू नये, हा विचार त्यामागे होता. बोलले असते तर कदाचित पहिल्याच आठवड्यात त्यांनी थांबवले असते.

धावणे बंद असतानाच मी पुण्यातील एका प्रशिक्षिकेकडे एक महिना ऑनलाइन मार्गदर्शन घेऊन पाहिले. फी सात हजार, म्हणजे बरीच जास्त. पहिल्या फोनवर तासभर त्यांनी फक्त प्रश्न विचारले. किती वाजता झोपता, फाउंड्रीत महिनाअखेर किती दिवस उशीर होतो, सकाळी सरावाआधी काय खाता, पाळी नियमित आहे का. शेवटचा प्रश्न दीड वर्षात मला कोणी विचारला नव्हता, आणि माझी पाळी चार महिन्यांपासून अनियमित होती. वयामुळे असेल असे मी धरून चालले होते. त्यांनी रक्ततपासणी करून घ्यायला सांगितली, त्यात शरीरातील लोहाचा साठा फार कमी निघाला. सराव वाढत गेला आणि खाणे तेवढेच राहिले तर शरीर आधी पाळी आणि हाडे यांच्यावरचा खर्च कमी करते, आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ सालीच याबद्दल खेळाडूंना व प्रशिक्षकांना सावध केले आहे, हे मला त्यांच्याकडून कळले. पहाटे नुसत्या चहावर निपाणीपर्यंत सायकल मारणाऱ्या आम्हा सगळ्या बायकांना हे कोणीतरी आधी सांगायला हवे होते.

या ऑनलाइन पद्धतीतही उणिवा आहेत. वाघबीळवरून पन्हाळ्याला चढणारा रस्ता त्यांनी नकाशावर पाहून उत्तम चढ म्हणून निवडला, पण पावसाळ्यात त्या घाटात धुके इतके दाट असते की समोरून येणारी एसटी दहा पावलांवर आल्याशिवाय दिसत नाही, हे त्यांना मला सांगावे लागले. त्यांनी तो सराव त्याच दिवशी घरच्या ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवण्याच्या साधनावर) वळवला, हे खरे. पण पोहण्याच्या बाबतीत त्यांचा काही उपयोग होत नाही. भावाकडून चित्रीकरण करून पाठवले तरी पाण्याखालचा हात फोनमध्ये दिसत नाही.

सरांना मी विद्यापीठाजवळच्या चहाच्या टपरीवर भेटले. वेळापत्रकांचा कागद बरोबर नेला होता, पण तो काढावा लागला नाही. नडगीचे तीन शेरे मी तोंडी सांगितले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सबब सांगितली नाही. थोड्या वेळाने ते म्हणाले, “मॅडम, पोहणं माझ्याकडं राहू द्या. बाकीचं मला आता इतक्या जणांचं खरंच बघता येत नाही.” फीबद्दलही त्यांनीच विषय काढला आणि फक्त तलावाचे दीड हजार ठरले.

दोन प्रशिक्षक असण्यात एक धोका आहे आणि तो मला पुण्याच्या मॅडमनी आधीच सांगितला होता. दोघेही आपापल्या दिवशी पूर्ण जोर लावून घेतात आणि एकूण भार किती झाला हे कोणालाच ठाऊक नसते. म्हणून आमचे असे ठरले आहे की आठवड्याचा एकूण भार त्या ठरवतील आणि मंगळवार-गुरुवारी किती मीटर व किती जोराने पोहायचे हा आकडा मी सरांना आदल्या रात्री कळवीन. त्या आकड्याच्या आत काय शिकवायचे हे पूर्णपणे सरांचे. सरांनी हे मान्य केले, यातच त्यांचा मोठेपणा आहे असे मला वाटते.

पोहणे कच्चे असलेल्या कोणीही या वर्गात अवश्य जावे. तुम्ही तरुण असाल, घर-नोकरीची ओढाताण नसेल आणि शरीर साथ देत असेल, तर सबंध वर्गही साडेचार हजारांत महाग नाही. चाळिशी ओलांडलेल्या, पूर्णवेळ काम करणाऱ्या बायकांनी मात्र वेळापत्रक स्वतंत्र बनते का, हे प्रवेश घेतानाच विचारावे, आणि दुखत असेल तर रकान्यात न लिहिता तोंडाने सांगावे. बदल करायचा असल्यास तो शर्यतीला चार-पाच महिने असतानाच करावा. नव्या प्रशिक्षकाला तुमचे शरीर ओळखायलाच सहा-आठ आठवडे लागतात, आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत त्यांच्या हातात सराव कमी करत नेण्यापलीकडे फारसे काही उरत नाही. गोव्याची शर्यत पावसाळा सरल्यावर असते, म्हणून मी जून उजाडण्याआधी हे उरकले.

बोलणे झाल्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी तलावावर जाताना पाय जड झाले होते. सर नेहमीप्रमाणे कडेने चालत होते. तिसऱ्या फेरीला त्यांनी किकबोर्ड (पाय मारण्याच्या सरावाची फळी) कठड्यावर आपटून मला थांबवले आणि स्वतःचा डावा हात डोक्यासमोरून उजवीकडे नेऊन दाखवला. इतके दिवस मनावर ओझे होते, त्यात तो हात पुन्हा ओलांडायला लागला होता.