घरात कॉम्प्युटर एक, वापरणारे चौघं: खासगी फोल्डरसाठी कोणता उपाय निवडाल?

पुण्यातल्या पुष्कळ घरांत आजही एकच कॉम्प्युटर सगळे मिळून वापरतात. बाबांचे फॉर्म सोळा, फ्लॅटचा इंडेक्स टू, मुलीचे प्रोजेक्ट आणि एमपीएससीच्या तयारीसाठी गावाहून आलेल्या भाच्याच्या नोट्स, सगळं एकाच डिस्कवर. मग कधीतरी विषय निघतो, या फोल्डरला पासवर्ड टाकता येईल का? विंडोजमध्ये फोल्डरवर राइट-क्लिक करून पासवर्ड लावण्याची सोयच नाही. म्हणून आधी ठरवा, झाकायचं कुणापासून? घरातल्यांपासून, की मशीन तापकीर गल्लीत दुरुस्तीला गेल्यावर ते उघडणाऱ्या अनोळखी माणसापासून?

घरातल्यांपुरतं म्हणाल तर वेगवेगळी युजर अकाउंट हा माझ्या मते पहिला उपाय. पैसे लागत नाहीत, काही डाउनलोड करावं लागत नाही. मात्र इथे दोन गोष्टी हमखास राहून जातात. एक म्हणजे अकाउंटचा प्रकार. भाच्याचं अकाउंट ‘स्टँडर्ड’ असेल, तर तुमचं फोल्डर उघडताना त्याच्याकडे अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागितला जातो. तेच ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असेल, तर नुसतं ‘कंटिन्यू’ दाबून तो आत जातो. म्हणजे अ‍ॅडमिन एकानेच राहावं. दुसरी गोष्ट डी ड्राइव्हची. ‘विंडोज उडालं तरी डेटा वाचेल’ म्हणून आपण सगळं डीमध्ये ठेवतो, आणि तिथे नवं फोल्डर केलं की एरवी ते घरातल्या सगळ्या अकाउंटना उघडं असतं. खासगी कागद आपल्या अकाउंटच्या ‘डॉक्युमेंट्स’मध्येच ठेवा.

पण डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली, की हे अकाउंटचे पासवर्ड काही अडवत नाहीत. तिथे एन्क्रिप्शनच हवं, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येणार नाही अशा सांकेतिक रूपात डेटा साठवणं.

फोल्डर ‘हिडन’ करणं किंवा व्हिडिओत दाखवतात ती बॅच फाइलची (कमांड लिहिलेल्या साध्या टेक्स्ट फाइलची) युक्ती, या दोन्ही सोडून द्या. त्या बॅच फाइलवर राइट-क्लिक करून ‘एडिट’ म्हटलं, की पासवर्ड नोटपॅडमध्ये साध्या अक्षरांत दिसतो. फुकटातली ‘फोल्डर लॉक’ छापाची सॉफ्टवेअरसुद्धा बऱ्याचदा फोल्डर फक्त लपवतात.

राहिले दोन खरे पर्याय, सेव्हन-झिप आणि व्हेराक्रिप्ट. दोन्ही मोफत, दोन्हींत एईएस-२५६ ही एन्क्रिप्शनची भक्कम पद्धत मिळते. फरक रोजच्या वापरात आहे.

सेव्हन-झिप फोल्डरची एकच बंद फाइल बनवतं, शिकायला सोपं. फोल्डर निवडायचं, ‘सेव्हन-झेड’ फॉरमॅट घ्यायचा, पासवर्ड द्यायचा आणि ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वर टिक करायची. ती टिक विसरलात, तर मजकूर बंद राहतो पण फाइलींची नावं दिसतात, आणि ‘मृत्युपत्र मसुदा’ एवढं नाव वाचलं तरी घरात चर्चा सुरू होते. मूळ फोल्डर जागेवरच राहतं, ते वेगळं डिलीट करावं लागतं. शिवाय आतली फाइल उघडली की तिची एक प्रत विंडोजच्या तात्पुरत्या (टेम्प) फोल्डरमध्ये तयार होते, ती कधी कधी तिथेच उरते. वर्षातून एकदा लागणारे रिटर्न, जुने करार यांना हे पुरेसं आहे. रोज लिहायच्या हिशोबाला किंवा डायरीला नाही.

त्यासाठी व्हेराक्रिप्ट. २०१४ मध्ये ट्रूक्रिप्ट या जुन्या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरचं काम थांबलं, त्याच्याच पायावर हे उभं आहे. समजा, तुम्ही २ जीबीची एक फाइल बनवलीत. पासवर्ड देऊन ती माउंट केली की माय कॉम्प्युटरमध्ये नवा ड्राइव्ह दिसतो. त्यात नेहमीसारखं काम करायचं आणि उठताना डिसमाउंट करायचं, म्हणजे तो ड्राइव्ह बंद करायचा. डिसमाउंट न करता चहाला गेलात, तर तो ड्राइव्ह दुसऱ्या अकाउंटवरूनही दिसू शकतो. आकार सुरुवातीलाच ठरवावा लागतो, तेव्हा थोडा सढळ धरा. आणि एन्क्रिप्शन वाचणं थांबवतं, पुसणं नाही. जागा कमी पडते म्हणून कुणी ती मोठी फाइल उडवली, तर सगळंच गेलं. तिची एक प्रत पेनड्राइव्हवर हवीच.

बिटलॉकर हे अख्खा ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारं विंडोजचंच साधन, ते प्रो आवृत्तीत मिळतं. चोरी आणि दुरुस्तीवाल्यापासून ते उत्तम राखण करतं, पण मशीन चालू असताना घरातल्या माणसांत भेद करत नाही.

कुणी मला विचारलं तर सांगेन, आजच प्रत्येकाचं वेगळं अकाउंट करा आणि पैशांचे, मालमत्तेचे, औषधोपचारांचे कागद व्हेराक्रिप्टमध्ये टाका. वयस्कर आई-बाबांना माउंट-डिसमाउंट जड जात असेल, तर त्यांच्यासाठी सेव्हन-झिप.

दोन्हींत पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवून देणारं कुणी नाही. तो कागदावर लिहून पाकिटात बंद करा, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि ते पाकीट तिथे आहे हे घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला सांगून ठेवा. विम्याचे कागद नेमके तुम्ही दवाखान्यात असताना लागतात.