सोयाबीन ठेवलं गोडाऊनला, कर्ज निघालं माझ्या नावावर

लातूर भागातल्या सोयाबीनवाल्यांनी हे वाचाच. 'आत्ता माल ठेवा, भाव वाढला की त्या दिवशीच्या भावानं पैसे घ्या' हा धंदा सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होता. पण आता त्यात नवा प्रकार घुसलाय.

2024 च्या खरिपाचं माझं सोयाबीन 38 क्विंटल 40 किलो. हमीभाव 4,892, म्हणजे सरकारी केंद्रावर 1,87,852 रुपये झाले असते. पण केंद्रावर नोंदणी करून मेसेजची वाट बघायची, तिथं ओलावा जास्त म्हणून माल परत, नाहीतर बारदाना संपलेला. इकडं पावसानं भिजलेली रास अंगणात आणि हरभऱ्याच्या पेरणीला हातात पैसा नाही. बाजारात त्या दिवशी भाव 4,150. 2021 ला दहा हजारांच्या वर गेलेला भाव ज्यानं बघितलाय, तो 4,150 ला माल कसा फुंकून टाकेल? ज्याला हा हावरटपणा वाटतो त्यानं एक हंगाम शेती करून बघावी.

तालुक्याच्या गावचा हा व्यापारी ओळखीचा, वडिलांपासूनचा. गोडाऊन त्याचं स्वतःचं. उचल म्हणून 40,000 रोख दिले, गुलाबी चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर वजन आणि तारीख, बस. परवाना नंबर नाही, भाव नाही.

मग मुनीम म्हणाला, "काका, उचलीच्या कागदावर सह्या करा." आधार, सातबारा, दोन फोटो घेतले. फॉर्मवर बँकेचं नाव छापलेलं होतं आणि मोबाईल नंबरच्या रकान्यात मुनीम स्वतःचा नंबर लिहीत होता. मी विचारलंसुद्धा. तो म्हणाला, "तुमच्या गावात रेंज नसते, मेसेज आला तर आम्ही कळवू." आमच्या गावात रेंज नसतेच, हे खोटं नव्हतं. तो आकड्यांचा रकाना अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तिथंच पेन ठेवून उठायला हवं होतं. पण मागं ट्रॅक्टरांची रांग, हमाल ओरडतायत, आणि ज्याच्याशी तीस वर्षांचा व्यवहार त्याला चारचौघांत चोर कसं म्हणायचं?

भाव काही वाढला नाही. मार्चमध्ये गोडाऊनला कुलूप लागलं, फोन बंद. त्यानंतर बँकेची नोटीस आली: माझ्या सोयाबीनवर माझ्याच नावानं 1,19,500 रुपयांचं तारण कर्ज! पैसे माझ्या नावाच्या खात्यात आले आणि त्याच दिवशी माझ्या सहीच्या फॉर्मवर व्यापाऱ्याच्या खात्यात वळते झाले. मेसेज गेले मुनीमाला. 1,59,360 चा माल गेला, हातात आले 40,000, वर हे कर्ज. एकूण 2,38,860 ची वाट लागली, व्याज वेगळं.

कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, मग तो सख्खा भाऊ का असेना.

पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला आहे, वकील बघा. विश्वासानं ठेवलेला माल विकून पळून जाणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताचं कलम 316 आणि फसवणुकीचं 318 कशाला ठेवलीत? बाजार समिती म्हणते, माल यार्डात आलाच नाही, आमचा संबंध नाही. पण त्याला परवाना दिला कुणी? दरवर्षी नूतनीकरणाची फी घेतली कुणी? बँकेचा साहेब तर मान वर न करता म्हणाला, "सही तुमचीच आहे ना?" सही माझी आहे, पण ज्या मालावर कर्ज दिलं तो गोडाऊनमध्ये आहे की नाही हे बघायला बँकेचा एकही माणूस गेला नाही? एका मुनीमाचा नंबर इतक्या शेतकऱ्यांच्या खात्यांना लागला, तेव्हा कुणाला शंका आली नाही? कर्जमाफीच्या अर्जात एक अक्षर चुकलं तर आम्हाला परत पाठवणारी हीच माणसं.

ठाण्यात तक्रार घेत नसतील तर ती लेखी, रजिस्टर पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173(4) त्यासाठीच आहे. तिथंही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो. मी आता तिथवर आलोय.

माल ठेवायचाच असेल तर वखार महामंडळाचं गोदाम बघा, शेतकऱ्याला भाड्यात सवलत आहे. पावती ऑनलाइन मागा. गोदामाची नोंदणी वखार विकास व नियामक प्राधिकरणाकडं आहे का तेही बघा. पणन मंडळाची तारण योजना बऱ्याच बाजार समित्यांत चालते. सोयाबीनला किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम, 6 टक्के व्याज, सहा महिने मुदत. कर्जच काढायचं तर तिथं स्वतः जाऊन काढा. काट्याची पावती वेगळी घ्या आणि जपून ठेवा. चिठ्ठीवर भाव लिहिलेला नसेल तर माल ट्रॅक्टरमधून उतरवूच नका.

आणि ज्यांनी ज्यांनी अशा कागदांवर सह्या केल्यात त्यांनी आजच आपला सिबिल रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावर कुठं कुठं कर्ज आहे त्याचा उतारा, काढा. वर्षातून एकदा फुकट मिळतो. आमच्या भावकीतल्या एकानं माझं बघून काढला. त्याच्या नावावर 94,000 निघाले, आणि त्याला अजून नोटीससुद्धा आलेली नाही.