बाळाचा बाप्तिस्मा आत्ता करायचा का मोठं झाल्यावर? आमच्या घरात दोन्ही झालंय

माझं माहेर कोल्हापुरातलंच, जुन्या मिशनच्या मंडळीतलं, आणि सासरचे पेंटेकॉस्टल, त्यामुळं थोरल्याच्या वेळी हा विषय आमच्या घरात कित्येक महिने चालला होता. आता पुतणीला बाळ झालंय आणि ती तेच विचारतेय, काकू तुम्ही काय केलं म्हणून, तर सविस्तरच लिहिते.

आधी कोण काय करतं ते. कॅथलिक, अँग्लिकन, लूथरन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन हे तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. कोल्हापुरात रॉयल वायल्डर १८५२ ला आले, पुढं ते काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडं गेलं, म्हणून इथल्या जुन्या घरांत बालबाप्तिस्मा हीच रीत. बॅप्टिस्ट, ब्रदरन, पेंटेकॉस्टल म्हणतात आधी स्वतःचा विश्वास, मग पाणी, बाळाचं फक्त समर्पण करायचं, म्हणजे पाणी नाही, प्रार्थना करून बाळाला देवाच्या हाती सोपवायचं. आणि सीएनआय, म्हणजे वेगवेगळी चर्चेस एकत्र येऊन झालेली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, १९७० ला नागपूरला झाली तेव्हा त्यात बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही आले, त्यामुळं तिथं दोन्ही रीती मान्य आहेत, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

बायबलवरून म्हणाल तर दोघांकडं वचनं आहेत. बालबाप्तिस्मावाले देवानं आपल्या लोकांशी केलेल्या कराराचं सांगतात, की अब्राहामाच्या घरात आठ दिवसांच्या पोराची सुंता व्हायची, ते पोर काय विश्वास कबूल करत नव्हतं, आणि पौल कलस्सै २ मध्ये सुंता आणि बाप्तिस्मा शेजारी ठेवतो. शिवाय प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये लुदियाचा आणि त्या तुरुंगाधिकाऱ्याचा घरच्यांसकट बाप्तिस्मा झाला. घरात तान्हं होतं असं लिहिलेलं नाही, नव्हतं असंही नाही, त्यामुळं या मुद्द्यावर भांडून काही हाती लागत नाही, आम्ही भांडून बघितलंय.

दुसरीकडं मार्क १६:१६, विश्वास आधी आणि बाप्तिस्मा नंतर. रोमकरांस ६ मध्ये ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि नवीन जीवनात चालणं आहे, ते ज्याला समजतं त्यानंच घ्यावं हे म्हणणं मला मनापासून पटतं. तर्तुलियन या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती लेखकानं इ.स. २०० च्या सुमारास लिहिलं की मुलांचा बाप्तिस्मा लांबवा, आता यावरून तेव्हा मुलांना देत होते हेही कळतंच. आणि १५२५ ला ज्युरिखमध्ये ज्यांनी मोठेपणी बाप्तिस्मा घ्यायला सुरुवात केली त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला १५२७ मध्ये तिथल्याच नदीत बुडवून मारलं. या मतासाठी लोकांनी जीव दिलाय, त्यामुळं सासरच्यांना नुसतं हट्टी म्हणू नका.

एक गल्लत मात्र काढून टाका. बुडवायचं का शिंपडायचं हा वेगळा प्रश्न, वयाशी त्याचा संबंध नाही, ऑर्थोडॉक्स लोक तान्ह्या बाळालाच तीनदा बुडवतात.

आमचं असं झालं की थोरल्याला चार महिन्यांचा असताना चर्चमध्ये नेलं. माझ्या आईनं शिवलेलं पांढरं झबलं, पाळकांनी ओंजळीतलं पाणी टाळूवर सोडलं तसा तो दचकला आणि त्यांचं बोटच घट्ट धरून बसला, सोडेना. मग पाळकांनी आम्हा दोघांना विचारलं की याला प्रभूच्या शिक्षणात वाढवाल का, आणि सगळी मंडळी उभी राहिली. तेव्हा मला कळलं की वचन आम्ही देतोय.

धाकटीचं समर्पण केलं, सासूबाईंच्या मनाखातर. ती सतराव्या वर्षी स्वतःहून म्हणाली मला घ्यायचाय. प्रार्थनेच्या हॉलमागं सिमेंटचा हौद आहे, डिसेंबरची सकाळ, पाणी बर्फासारखं, तिनं सगळ्यांसमोर साक्ष दिली, आवाज कापत होता पण थांबली नाही. पाण्यातून वर आली तेव्हा मी टॉवेल घेऊन उभी होते, मला रडूच आवरेना. थोरल्याला ते पाणी आठवत नाही, हिला जन्मभर आठवेल, हा फरक खरा आहे आणि तो मी नाकारणार नाही.

तरी माझं मत विचाराल तर असं, नवरा-बायको दोघंही एका मंडळीत मुरलेले असाल, घरात रोज प्रार्थना होत असेल, तर बाळाला आत्ताच द्या. पण चर्चला फक्त नाताळ आणि ईस्टरला जाणं असेल आणि आजी म्हणते म्हणून, फोटोसाठी म्हणून करणार असाल तर थांबा, ते वचन मोडण्यापेक्षा समर्पण बरं. बालबाप्तिस्मा केला तर पुढं दृढीकरणाच्या, म्हणजे मोठं झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गाला पोराला ढकलून पाठवू नका, त्याला स्वतः कबूल करू द्या, नाहीतर अर्धं काम राहतं.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला झाला, त्याच वेळी त्यांच्या लेकीचा, मनोरमेचाही, ती जेमतेम अडीच वर्षांची. आई जाणती आणि लेक अजाण, दोघी एकदमच. मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

आणि एकदा झालेला परत करू नका. थोरल्याला कॉलेजात मित्र म्हणायला लागले तुझा खरा नाहीच, परत घे. मी त्याला इफिस ४:५ काढून दिलं, एकच बाप्तिस्मा, आणि ते झबलं कपाटातून काढून दाखवलं. तो बराच वेळ ते हातात घेऊन बसला, मग म्हणाला, आई, हे माझ्या पोरासाठी ठेव.