मिनिएचर बनवून घेताय? उरलेले पैसे पाठवण्याआधी हे वाचा

मुलुंडच्या पाच जणांच्या एका गटाने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका घेऊन खेळायच्या खेळातल्या कॅम्पेनचा (लांबलचक कथेचा) शेवट दणक्यात करायचा म्हणून पाच पात्रांच्या मिनी (मिनिएचर, म्हणजे छोट्या मूर्ती) आणि एक ड्रॅगन थ्रीडी प्रिंटरवर छापून, रंगवून मागवला. ठरले 9,500 रुपये. अर्धे आगाऊ, उरलेले 'रंगकाम झालं, कुरिअरला देतोय' असा फोटो आल्यावर. सात आठवड्यांनी खोकं आलं. आतले नग चिकट, उग्र वासाचे आणि ठरल्यापेक्षा लहान. ड्रॅगन तर महिनाभरात पोटाला तडकला आणि आतून रेझिन (प्रिंटरमधलं, उजेडाने कडक होणारं द्रव प्लास्टिक) गळायला लागलं.

फसवणूक सुरू होते फोटोपासून. विक्रेता दाखवतो ते बऱ्याचदा कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र, म्हणजे रेंडर असतं, नाहीतर परदेशातल्या कुणा रंगवणाऱ्याचं काम. रेंडरमध्ये तलवारीचं पातं कितीही पातळ चालतं. प्रिंटमध्ये अर्ध्या मिलिमीटरचं पातं वाकतं किंवा सपोर्ट (छापताना नग तोलून धरणाऱ्या काड्या) तोडतानाच मोडतं. खऱ्या प्रिंटवर हनुवटीखाली, झग्याच्या काठाला सपोर्टचे बारीक टिपके राहतात, ते शोधा. फोटो गूगल लेन्समध्ये टाकून दुसरीकडे कुठे आहे का बघा. आणि एक फोटो हट्टाने मागा: प्राइमर (रंगाखालचा पहिला थर) मारण्याआधीची राखाडी प्रिंट, शेजारी स्टीलची पट्टी आणि तुमचं नाव व तारीख लिहिलेली चिठ्ठी. प्रिंट हातात असेल त्याला या फोटोला दोन मिनिटं लागतात. मुलुंडच्या गटाला आलेल्या फोटोत रॉगचा, म्हणजे चोर पात्राचा, खंजीर डाव्या हाताऐवजी उजव्या हातात होता. म्हणजे ती मिनी त्यांची नव्हतीच. पण पैसे जाईपर्यंत ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पट्टी ठेवायची ती मापासाठी. खेळाच्या नकाशावर एक इंचाची चौकट म्हणजे पाच फूट, म्हणून माणसाएवढ्या पात्राचा बेस (पायाखालची चकती) साधारण 25 मिमी आणि तीन बाय तीन चौकटी अडवणाऱ्या मोठ्या ड्रॅगनचा 75 मिमी. विक्रेत्याने प्रिंटची फाइल 80 टक्क्यांवर आणली की लांबी, रुंदी, उंची तिन्ही घटतात आणि रेझिन जवळपास निम्मंच लागतं. 90 टक्क्यांवरही पाव भागाहून जास्त वाचतं. डोळ्यांना हा फरक कळत नाही, म्हणून तर ही चोरी पचते. ऑर्डर देतानाच बेसचा व्यास मिमीमध्ये लिहून घ्या आणि माल आल्यावर मोजा. नागदेवी स्ट्रीटला मिळतो तो साधा व्हर्नियर या कामाला पुरतो.

'पाच नग आहेत, प्रत्येकाला एक दिवस लागतो, लवकर हवं तर अर्जंट चार्ज पडेल' हे कारणही खोटं. एलसीडी रेझिन प्रिंटर एक अख्खा थर एकदम उजेडात धरतो. 0.05 मिमीच्या थराने 40 मिमी उंचीला 800 थर लागतात, मग प्लेटवर एक मिनी असो की पाच. वेळ ठरतो उंचीवर. रंगकामाला मात्र खरोखर वेळ लागतो. त्यासाठी जास्त दिवस आणि जास्त पैसे मागितले तर ते रास्त आहे.

सगळ्यात जास्त चालढकल होते ती धुण्यात आणि क्युअर करण्यात (उजेडात पक्कं कडक करण्यात), आणि तब्येतीला खरा धोका तिथेच आहे. मशीनमधून निघालेली प्रिंट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायची, पूर्ण वाळू द्यायची आणि मग अतिनील दिव्याखाली सगळ्या बाजूंनी धरायची. अल्कोहोल वाचवायला तेच गढूळ द्रावण परत परत वापरलं, की पृष्ठभाग चिकट राहतो आणि त्यावर रंग टिकत नाही. मोठा ड्रॅगन रेझिन वाचवायला आतून पोकळ ठेवतात. त्यात काही वावगं नाही, पण त्याला खालून दोन भोकं लागतात: एकातून रेझिन निघतं, दुसऱ्यातून हवा शिरते. भोकं नसतील किंवा आतून धुतलं नसेल, तर कच्चं रेझिन आतच कोंडतं आणि काही आठवड्यांनी भिंत फोडून बाहेर येतं. म्हणून ड्रॅगनच्या पोटाचा, भोकं बुजवण्याआधीचा फोटो वेगळा मागा.

पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत मारलेला स्प्रे प्राइमर खरखरीत बसतो, वार्निश पांढुरकं पडतं. जुलै-ऑगस्टमध्ये रंगवलेले नग घ्यायचे तर प्राइमर आणि वार्निश ब्रशने लावा म्हणून सांगा.

पैसे टप्प्याने द्या: थोडे ऑर्डरला, थोडे राखाडी प्रिंटच्या फोटोनंतर, उरलेले माल हातात आल्यावर. विक्रेता मुंबईतच असेल तर दादर किंवा घाटकोपर स्टेशनला भेटून नग बघून घ्या. 'स्टुडिओ मालाडला आहे' म्हणणारा भेटायला कुठेच तयार नसेल, तर ऑर्डर देऊ नका. मुलुंडच्या गटाने तक्रार केल्यावर 'रिफंड पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा' असा निरोप आला. एकाने स्कॅन करून पिन टाकला आणि आणखी 2,000 रुपये गेले. यूपीआयचा पिन पैसे पाठवायला लागतो, पैसे घ्यायला कधीच लागत नाही.

असं झालं तर थांबू नका. लगेच 1930 ला फोन करा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा, बँकेलाही कळवा. व्यवहाराचा 12 अंकी यूटीआर क्रमांक, चॅट आणि फोटो जपून ठेवा. माल आला पण निकृष्ट निघाला, तर ग्राहक हेल्पलाइन 1915. खोकं उघडतानाचा न तोडलेला व्हिडिओ आणि पट्टीशेजारी ठेवलेल्या बेसचा फोटो तक्रारीला जोडा.

गळणारा नग उघड्या हाताने धरू नका. कच्च्या रेझिनने त्वचेवर पुरळ उठतं आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे सुटत नाही. नायट्राइलचे हातमोजे घाला, आधी फोटो काढा. मोरीत किंवा बेसिनमध्ये धुऊ नका. गळलेलं रेझिन टिश्यूने पुसा, तो टिश्यू उन्हात पूर्ण कडक होऊ द्या आणि मगच कचऱ्यात टाका. नग तक्रारीचा निकाल लागेपर्यंत बंद डब्यात, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.