टँकरसेवा वक्तशीर, पाणी मात्र जड
लातूरच्या रिंगरोडपलीकडील आमच्या वसाहतीत नळजोडणी अद्याप न पोहोचल्याने गेली दोन वर्षे आम्ही एका खासगी टँकरसेवेवर विसंबून आहोत. टँकर ठरलेल्या वेळी येतो, चालकही सौजन्याने वागतो. मात्र पाणी जड असून हंड्यांवर पांढरा थर बसतो आणि उन्हाळ्यात दर न सांगता वाढतात. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे बोअर उपसून नव्या लेआउटची तहान भागवायची आणि पावसाचे पाणी मात्र सिमेंटच्या रस्त्यांवरून वाहून जाऊ द्यायचे, हे नियोजन मला तरी उमजत नाही. शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण भरले (हो, भरले!) तरी आमचा टँकर चुकलेला नाही. पर्यायाअभावी सेवा चालू ठेवली आहे. पाचपैकी तीन तारे.